रवळूचे पाय आणि पट्टीचे बूट

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या रवळू सायनेकरला पळण्याचा नाद लागला तो चाळिशी ओलांडल्यावर. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तो लेथवर काम करायचा. दिवसभर एका जागी उभं राहून पाय सुजायचे, म्हणून डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं. चालता चालता एक दिवस मागून म्हशी आल्या, त्यांना चुकवायला तो चार पावलं पळाला, आणि म्हशी वळून रानात गेल्या तरी पळतच राहिला. ही हकिगत तो स्वतःच हसत सांगायचा. जयाबाई, त्याची बायको, सुरुवातीला वैतागली. "ह्या वयात लोक भजनाला लागत्यात, आमचा माणूस रस्त्याला लागलाय," असं ती शेजारणींना सांगायची. पण नवरा कामावरून आला की पाय धरून बसत नाही, चिडचिड करत नाही, हे दिसलं तशी ती गप्प झाली आणि पहाटे चहाचं आधण स्वतःच ठेवू लागली.

आप्पाण्णा त्याला वडगावच्या रस्त्यावर भेटला. हा मूळचा निपाणीजवळच्या बोरगावचा, तंबाखूचा व्यापार करणाऱ्या जैन घरातला. बँकेत नोकरी, बदली होऊन बेळगावात आलेला, वडगावात भाड्याने राहणारा. वयाने रवळूपेक्षा बराच लहान. महिनाभर दोघं एकमेकांना नुसते हात करून पुढे जात. मग एका सकाळी आप्पाण्णा वळला आणि रवळूच्या शेजारून पळू लागला.

"साहेब, तुमी व्हा पुढं," रवळू म्हणाला.

"घामाघूम माणसाला साहेब म्हणू नये, अण्णा. आप्पाण्णा म्हणा."

त्या दिवसापासून भाताच्या रानांमधून जाणाऱ्या त्या रस्त्यावर दोघांची जोडी दिसायला लागली. शेजारी शेजारी पळणाऱ्या माणसांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. दिसतो तो पुढचा रस्ता. पण कान उघडे असतात. आप्पाण्णाच्या डाव्या पावलाचा आवाज उजव्यापेक्षा जड पडतो, झोप झाली नसली की तो नाकाऐवजी तोंडाने श्वास घेतो, हे रवळूला बायकोच्या खोकल्याइतकं ओळखीचं झालं. रवळूची आई गेली तेव्हा दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी आप्पाण्णा दाराशी आला आणि एवढंच म्हणाला, "बूट घाल, अण्णा." तोवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. दोघं राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत गेले. वाटेत रवळूला रडू आलं. आप्पाण्णाने विचारलं नाही, समजावलं नाही, फक्त वेग कमी केला. असा दोस्त मिळायला नशीब लागतं, असं रवळू जयाबाईला म्हणाला आणि तसं त्याला खरोखर वाटत होतं.

वडगावच्या टोकाला रविवारी पळणाऱ्यांचा एक मेळा जमायचा. त्याचे म्होरके मारुतीराव, रवळूच्याच शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले, गळ्यात अजून शिट्टी अडकवून फिरणारे. दर हिवाळ्यात निपाणी ते बोरगाव अशी रस्त्यावरची शर्यत असायची. चौघांचा एक संघ, चौघांच्या वेळांची बेरीज. मारुतीरावांच्या संघात रवळू आणि आप्पाण्णा दोघंही असायचे.

त्या वर्षी उन्हाळा लागायच्या सुमाराला एका नव्या बूट कंपनीचा माणूस रविवारी मेळ्यात आला. त्याने बुटांचे दोन जोड काढले. हातात घेतल्यावर रिकामं खोकं उचलल्यासारखे हलके. तळ मात्र पावासारखा जाड आणि फुगीर, आणि त्या मऊ तळाच्या पोटात कार्बनची एक पातळ, वाकडी पट्टी. पाऊल टेकलं की पट्टी वाकते, उचललं की सरळ होते आणि पायाला पुढे ढकलते, असं त्याने सांगितलं. "घालून बघा. महिना दोन महिने बघा. जे काय असेल ते खरं सांगा, एवढंच मागणं," असं म्हणून तो माणूस जोड ठेवून गेला.

मारुतीराव शिस्तीचे. त्यांनी परीक्षा ठरवली. एका रविवारी जुने बूट, पुढच्या रविवारी पट्टीचे. रस्ता तोच, वडगाव ते गडाचा पायथा. जोर दोन्ही वेळेला सारखाच लावायचा. "दोन शब्द बोलता आले पाहिजेत, तिसरा बोलता येता कामा नये," ही त्यांची जोर मोजायची रीत. परीक्षेला माणसं दोनच, कारण जोड दोन. रवळूचं आणि आप्पाण्णाचं नाव निघालं तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. दोघं सरळ माणसं.

रवळूने ती परीक्षा देवाचं काम असल्यासारखी केली. शनिवारी उशिरापर्यंत जागायचा नाही, लग्नाचं जेवण असलं तरी हात आखडता घ्यायचा. पळून आल्यावर मारुतीरावांना सगळं नीट सांगायचा.

"सर, सरळ रस्त्यावर बरं वाटतंय. पोटऱ्या कमी दुखत्यात. पण वळणाला टाच डुलतीया. तळ उंच हाय न्हवं. आणि चढावर मला तरी काय फरक कळंना."

फरक घड्याळातही दिसेना. जुने बूट असोत की पट्टीचे, रवळू पायथ्याला जवळपास तेवढ्याच वेळात पोचायचा. आप्पाण्णाचं मात्र नवल घडलं. जुन्या बुटांच्या रविवारी तो रवळूच्या शेजारीच पळायचा, नेहमीसारखा. पट्टीचे बूट घातले की वडगावची शेवटची घरं संपायच्या आत पुढे निघून जायचा आणि रवळू पायथ्याला पोचेपर्यंत तिथल्या कट्ट्यावर निवांत बसलेला असायचा.

रवळूला खरं तर जुन्या बुटांचे रविवारच आवडायचे. त्या दिवशी आप्पाण्णा बोलायचा. बोरगावच्या घरामागे तंबाखूची पानं कशी वाळत घालायचे, वडील पान नुसतं हातात घेऊन प्रत कशी सांगायचे, लहानपणी घरात कन्नड आणि गल्लीत मराठी बोलताना कुणाला काय म्हणायचं याचा कसा घोळ व्हायचा. रवळूला दम लागलेला असायचा, तो "व्हय", "बरं" एवढंच म्हणायचा. गडी आपली सोबत करतोय, या आनंदात तो पुढचा चढ चढून जायचा.

पाऊस सुरू व्हायच्या आधी मारुतीरावांनी निकाल सांगितला. बूट उत्तम. आप्पाण्णाच्या पायात ते काय करतात हे सगळ्यांनी पाहिलंय. मग त्यांनी रवळूच्या खांद्यावर हात ठेवला.

"रवळू, मनाला लावून घेऊ नकोस. पट्टीला वाकवायला पायात ताकद लागते. तरण्या पायाला ती परत ढकलते. आपल्यासारख्यांचे पाय आता तिला जागं करत नाहीत. वय आहे, बाबा."

सगळे सहानुभूतीने हसले. रवळूही हसला. आप्पाण्णा खाली वाकून नाडी बांधत होता.

बोलणं साधंच होतं, पण ते रवळूच्या आत जाऊन बसलं. आंघोळीला बसला की तो आपल्या पायांकडे बघत राहायचा. कारखान्यात जिना चढताना मध्येच थांबायचा, गुडघा दाबून बघायचा. आधी कधी न जाणवलेली दुखणी जाणवू लागली. दसऱ्याच्या आधी संघ ठरवायची वेळ आली तेव्हा तो आपण होऊन म्हणाला, "सर, माझ्या जागी ओमकारला घ्या. माझ्या पायात ते बूट घालून काय उपयोग न्हाय." ओमकार तीस-बत्तीसचा, चपळ. मारुतीरावांनी फार आग्रह केला नाही. आप्पाण्णाही काही बोलला नाही, आणि रवळूला वाटलं, आपल्याला वाईट वाटू नये म्हणूनच गप्प बसलाय बिचारा.

दसऱ्याला आप्पाण्णाचा मेहुणा वृषभ याने टिळकवाडीत खेळाच्या सामानाचं दुकान उघडलं. पाटीवर वर मोठ्या अक्षरांत कन्नड, खाली बारीक मराठी, आणि मधोमध त्या पट्टीच्या बुटाचं चित्र. सगळ्या जिल्ह्याची एजन्सी त्यालाच मिळाली होती. मारुतीरावांनी फीत कापली, रवळूने नारळ फोडला. दोस्ताच्या घरचं कार्य म्हणून तो सकाळपासून खुर्च्या मांडत होता. काउंटरवर कंपनीचं एक पत्रक होतं, त्यात आप्पाण्णाचा पळतानाचा फोटो होता. मेळ्यातल्या बहुतेकांनी त्या आठवड्यात बूट घेतले. ज्यांनी विचारलं त्यांना रवळूनेच सांगितलं, "मी डोळ्यांनी बघितलंय. आप्पाण्णा वाऱ्यासारखा जायचा."

सकाळचं पळणं मात्र त्याने हळूहळू सोडलं. आज थंडी आहे, आज कारखान्यात पहाटेची पाळी आहे, अशी कारणं आधी निघाली आणि मग कारण काढायचीही गरज उरली नाही. जयाबाई आधण ठेवायची आणि तो कूस बदलायचा.

"काय झालंय तुमास्नी? आप्पाण्णा वाट बघत असंल की."

"बघू दे. त्यो आता लई पुढं गेला, जया. माझं संपलं."

शर्यतीच्या दिवशी तो गेला तो मदतीला. पहाटे सगळे दोन गाड्यांतून निघाले. काकती मागे पडली, संकेश्वर गेलं, निपाणीत उजाडलं. मारुतीरावांनी तिथल्या एका ओळखीच्या माणसाची स्कूटर घेतली. रवळूने ती चालवायची, मागे मारुतीराव घड्याळ आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन बसणार.

उसाचा हंगाम ऐन भरात होता. रात्रभर कारखान्याला गेलेल्या ट्रॅक्टरांतून पडलेलं पाचट आणि उसाची कांडकी रस्त्यावर जागोजाग पडली होती. आप्पाण्णाने सुरुवातीच्या जागी चार पावलं पळून बघितलं, परत आला आणि पिशवीतून जुने बूट काढले.

मारुतीराव चरकले. "अरे, हे काय करतोस?"

"कांडक्यावर पाय पडला तर त्या उंच तळात घोटा मुडपतोय, सर. आज नको ते."

"मग वेळेचं काय?"

"बघू," आप्पाण्णा म्हणाला. तो रवळूकडे न बघता नाडी आवळत होता.

शर्यत सुटली. संघातल्या तिघांच्या पायात पट्टीचे बूट, आप्पाण्णाच्या पायात जुने. रवळूला मनापासून वाईट वाटलं. एवढी तयारी केली आणि रस्त्याने घात केला. मधल्या एका गावाच्या पुढे त्याने स्कूटर आप्पाण्णाच्या बरोबरीला आणली आणि पाणी द्यायला वेग कमी केला. वेग फारसा कमी करावाच लागला नाही. आप्पाण्णा सुसाट चालला होता. ओमकार केव्हाच मागे पडला होता.

मागून मारुतीराव म्हणाले, "पट्टीशिवाय? रवळू, हा तर त्या पट्टीच्या रविवारांसारखाच चाललाय रे."

रवळू ऐकत होता. आप्पाण्णा तोंडाने श्वास घेत होता, खोल, फाटका, दोन पावलांना एक. इतकी वर्षं शेजारी पळून हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. पट्टीच्या रविवारी हा आवाज पुढे निघून गेलेला असायचा. आणि जुन्या बुटांच्या रविवारी? त्या रविवारी आप्पाण्णा गोष्टी सांगायचा. चढावरसुद्धा. तंबाखूची पानं, वडिलांची पारख, कन्नड आणि मराठी. दोन शब्दांपलीकडे तिसरा येता कामा नये, अशी अट असताना.

स्कूटर रस्त्याच्या कडेला घसरली. मारुतीराव ओरडले, "अरे, लक्ष कुठे आहे?" रवळूने ती सावरली आणि पुढचा सगळा रस्ता आप्पाण्णाच्या मागेच ठेवली.

संघाचा दुसरा नंबर आला. आप्पाण्णा सगळ्यांत आधी बोरगावात पोचला होता. ठरल्याप्रमाणे दुपारचं जेवण त्याच्या घरी होतं. त्याच्या आईने, अव्वांनी, सगळ्यांना आग्रहाने वाढलं. रवळूला ती ओळखत होती. "माझा मोठा मुलगाच की रे तू," असं म्हणून तिने त्याच्या पानात तुपाची धार सोडली. रवळूने पान वाया जाऊ दिलं नाही, पण काय खाल्लं ते त्याला सांगता आलं नसतं.

जेवण झाल्यावर आप्पाण्णा घरामागे हात धुवायला गेला, तिथे रवळू त्याच्या मागे गेला. तंबाखूच्या रिकाम्या वखारीची सावली अंगणावर पडली होती.

"आप्पाण्णा, एक इचारू?"

"विचार की, अण्णा."

"जुन्या बुटाच्या रविवारी तू सावकाश पळत होतास."

तो प्रश्न नव्हता, आणि आप्पाण्णाने तो प्रश्न आहे असं दाखवलंही नाही. त्याने खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले, बराच वेळ पुसले.

"थोडं," तो म्हणाला. "वृषभचं एजन्सीचं चाललं होतं. कंपनी म्हणाली, बेळगावात कुणी पळणाऱ्यानं नाव घेतलं पाहिजे. बूट वाईट नाहीत, अण्णा. मला थोडा फरक पडतोच. मी तो जरा मोठा करून दाखवला, एवढंच."

"आणि माझं काय?"

"तुझं काय केलं मी? तुझी वेळ खरीच होती. वय झालं असं मी कुठं म्हटलं? ते मारुतीराव म्हणाले."

"तू तितंच हुतास. नाडी बांधत हुतास."

आप्पाण्णाने पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. "मला वाटलं, तुला कळलंय. तू माझ्या शेजारी पळत होतास, रवळूअण्णा. चढावर मी बडबडत होतो आणि तुला दम लागला होता. मला वाटलं, तुला कळलंय आणि दोस्तीखातर गप्प बसलायस. तू संघातून नाव काढलंस तेव्हासुद्धा वाटलं, रागानं काढलं असशील. मग मी काय बोलणार?"

रवळू वखारीच्या पायरीवर बसला. आप्पाण्णाने फसवलं हे एकवेळ त्याने पचवलं असतं. पण एवढ्या वर्षांत ह्या माणसाने आपल्याला असं ओळखलं? आपण त्याच्या सोबतीचा आनंद मानत होतो आणि तो आपल्याला लबाडीतला भागीदार समजत होता. आईच्या मागे रडलो तेव्हा यानेच वेग कमी केला होता. त्या आठवणीलाही आता हात लावावासा वाटेना.

"मला पळायचं सोडावं वाटलं, आप्पाण्णा," तो शेवटी म्हणाला. "पाच-सा म्हैने मी माझ्या पायाकडं मेलेल्या जनावराकडं बघावं तसं बघितलंय. दुकानात नारळ मी फोडला. लोकांस्नी मी सांगितलं बूट घ्या म्हणून."

"चुकलं," आप्पाण्णा म्हणाला. मग आवाज खाली आणून, "मारुतीरावांना सांगू नकोस. वृषभनं सगळं त्यात घातलंय."

रवळू उठला. परतताना तो गाडीत बसला नाही. मला निपाणीत काम आहे, असं अव्वांना सांगून, पाया पडून तो एसटीने निघाला. निपाणीत उतरून दुसरी बस मिळेपर्यंत तो स्टँडवर शेंगांच्या गाडीजवळ नुसता उभा होता. घरी आल्यावर त्याने जयाबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिचे हात थांबले.

"अव्वांस्नी म्हाईत हाय?"

"न्हाय. त्यास्नी कशाला?"

पुढच्या रविवारी रवळू मेळ्यात गेला आणि सगळ्यांसमोर घडलं ते सांगितलं. आवाज चढवला नाही. आपणही न तपासता लोकांना सांगितलं, हेही सांगितलं. आप्पाण्णा आला नव्हता. लोक आपापल्या पायातल्या बुटांकडे बघू लागले. मग ओमकार म्हणाला, "मला तर बूट बरे वाटत्यात, काका. हलके हायत." आणखी कुणी म्हणालं, घेतले ते घेतले, आता काय परत देणार. रवळूने एकच मागणं मांडलं, परीक्षा पुन्हा घ्या, दुसरी माणसं घालून.

मारुतीराव शिट्टीशी चाळा करत होते. "रवळू, फीत मी माझ्या हातानं कापलीय," ते म्हणाले. "आता पुन्हा परीक्षा घेतली तर लोक माझ्या घड्याळावर हसतील. आप्पाण्णानं चुकीचं केलं, मी त्याला बोलेन. पण तू हे वाढवू नकोस."

शाळेत असल्यापासून ज्यांच्या शब्दावर तो उभा राहत आणि बसत आला होता, ते मारुतीराव नजर चुकवून रांग लावायला निघून गेले. शिट्टी वाजली, लोक पळायला लागले. रवळू कट्ट्यावर बसून राहिला. त्याच्याजवळचा पट्टीचा जोड त्याने त्या दिवशी टिळकवाडीत जाऊन वृषभच्या काउंटरवर ठेवला. वृषभने "चहा घ्या की, मामा" म्हटलं. त्या माणसाला काहीच माहीत नसावं, किंवा सगळंच माहीत असावं. रवळू चहा न घेता बाहेर पडला.

मेळा त्याने सोडला. पण पळणं पुन्हा धरलं. पहिल्या सकाळी वडगावकडे न वळता तो गावाच्या दुसऱ्या अंगाने, कच्च्या रस्त्याने गेला. जुनेच बूट, झिजलेल्या टाचांचे. पाय जड होते, इतके दिवस न पळल्याने झाले होते तसे. आठवडाभरात मोकळे झाले. गुडघा दाबून बघायची सवय सुटली. गडाचा चढ तो एकट्याने चढून आला तेव्हा त्याला कळलं की पायांना काही झालं नव्हतं. जे झालं होतं ते दुसरीकडेच.

पाडव्याच्या सुमाराला आप्पाण्णा येळ्ळूरला घरी आला. त्याची चिकोडीला बदली झाली होती. जयाबाईने पाणी दिलं, चहा दिला, आणि आत निघून गेली. दोघं ओसरीवर बसले. आप्पाण्णा बदलीचं बोलला, भाड्याच्या घराचं बोलला, अव्वांनी विचारलंय म्हणाला. मग हातातला कप फिरवत म्हणाला, "जायच्या आधी एकदा पळू या का? उद्या? गडापर्यंत."

रवळूच्या मनात बरंच येऊन गेलं. हो म्हणावं असंही येऊन गेलं. त्याने अंगणात वाळत घातलेल्या धान्यावरची चिमणी हाकलली.

"उद्या पाळी हाय," तो म्हणाला. "आणि मी आता सावकाश पळतो, आप्पाण्णा. तुला जमायचं न्हाय."

आप्पाण्णाला ते लागलं. त्याने कप खाली ठेवला, "येतो" म्हणाला आणि गाडीकडे गेला. रवळू त्याला फाटकापर्यंत सोडायला गेला, कारण घरी आलेल्या माणसाला तसं सोडायची पद्धत आहे. गाडी गल्लीतून वळली. जयाबाई दारात येऊन उभी राहिली होती.

"खरंच पाळी हाय उद्या?" तिने विचारलं.

"न्हाय," रवळू म्हणाला, आणि धान्य गोळा करायला लागला.